पन्नास ग्रॅम जास्त

कोहऱ्यात किल्ला गेला होता, सगळा, बुरुजांसकट.
(आम्ही ग्वाल्हेरचे; धुकं म्हणायला जीभ चटकन वळत नाही.)
पुण्याहून नणंद यायची होती
आणि गाडी झाशीच्या पलीकडे कुठेतरी
पाच तास अडकलेली.

फलाटावर बसून गोठण्यापेक्षा
पडावच्या बाजूला चालत गेले. टॉकीज. तिकीट एकशे दहा.
पोस्टरवर मिठाईवाला, हातात तराजू,
शेजारी भुवया उंचावलेली मुलगी.
प्रेमकथा. विनोदी.
म्हटलं, झोप तरी होईल.

मी कुटुंब न्यायालयात स्टेनो आहे, एकवीस वर्षं.
क्रूरता, परित्याग, पोटगी
हे शब्द बोटं मला न विचारता टाइप करतात.
कुणी प्रेमाची गोष्ट सांगायला लागलं
की मी मनातल्या मनात पानाला समास सोडते
आणि मधोमध लिहिते : विरुद्ध.

पण ही मुलगी निघाली वजनमापे निरीक्षक.
दुकानात शिरते, तराजू तपासते. काटा चुकीचा.
किलोमागे पन्नास ग्रॅम जास्त जातंय गिऱ्हाइकाला.
नुकसान तर माझं होतंय ना, मिठाईवाला म्हणतो.
चूक ती चूक, ती म्हणते, आणि पावती फाडते.
तो दंड भरतो, वर पाव किलो पेढे देतो.
ती पेढेही तोलून बघते.

माझ्या शेजारी कानटोपीतले एक गृहस्थ
पिशवीतून गजक काढून खात होते,
ते इतके हसले की तीळ माझ्या शालीवर.

मध्यंतराच्या तोंडाशी ठरलेला गैरसमज आला.
कुणीतरी तिला कुणाबरोबरचा तरी फोटो दाखवला.
पुढचं मला पाठ होतं :
ती फोन उचलणार नाही, तो पावसात उभा राहील,
मग विमानतळ, धावाधाव, सनई.
चहा आणला. गारच होता.

पडदा उजळला. ती त्याला फोन करते.
विचारते, हे खरं आहे?
तो म्हणतो, नाही.
ती म्हणते, बरं.

एवढंच.
संगीतसुद्धा नाही. मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.

मी खुर्चीत सरळ बसले.
माझ्या हाताखालून गेलेल्या हजारो पानांत
'हे खरं आहे?' फक्त वकिलांनी विचारलेलं,
आणि उत्तरावर 'बरं'
कुणी, कधीच, रेकॉर्डवर नाही.

मग उरलेला तासभर होतं काय?
दोघं भाड्याची घरं बघत हिंडतात.
फ्रिज कुठे ठेवायचा यावरून भांडतात.
ती टेप लावून भिंत मोजते, तो टेपचं दुसरं टोक धरतो
आणि दर वेळी दोन बोटं ढिलं सोडतो.
मी हसत होते, मोठ्यानं, एकटी बाई.
गृहस्थांनी गजक पुढे केली. घेतली.

स्टेशनवर परत आले तर गाडी लागून चाळीस मिनिटं झालेली.
प्रमिलावन्सं बॅगेवर बसलेल्या, शालीतून फक्त नाक.
"उशीर तो उशीर, वर हसतेस काय, रेवती?"

टेम्पोत गोष्ट सांगायला गेले
तर हातात काही उरेना : मिठाईवाला, काटा, एक फोन.
"मग त्यात काय?" म्हणाल्या.
खरंच, त्यात काय.

फुलबागेपाशी टेम्पो खोळंबला.
कोहरा आत येऊन सवारीसारखा बसला आमच्या मधे.
तेव्हा नऊ वर्षं घशात धरलेलं विचारून टाकलं,
सासूबाईंचा पितळी सोऱ्या तुम्ही नेलात,
हे खरं आहे?

"हो," म्हणाल्या. "काटा चांगला येतो त्याला."

हे सिनेमात नव्हतं.
माझी पुढची ओळ कुणी लिहूनच ठेवली नव्हती.
टेम्पो सुरू झाला. एक खड्डा गेला, दुसरा गेला.

बरं, म्हटलं.